जवळचं ऐकणारा माइक

४ फेब्रुवारी, सोमवार

आले बाई एकदाची! टेम्पोवाल्याने सामान वर चढवताना जिन्याच्या प्रत्येक वळणावर विचारलं, एकट्या बाईला एवढी पुस्तकं लागतात कशाला. मी म्हटलं, वाचायला. तो म्हणाला, सगळी? म्हटलं हो, आणि तीही मोठ्याने. त्यानंतर तो माझ्याकडे बघेचना.

घर मात्र झकास आहे. वरचा मजला सगळा माझा: मोठी पुढची खोली, ऐसपैस स्वयंपाकघर आणि कोपऱ्यात एक लहानशी खोली. तिला एकच खिडकी, फाटकावर उघडणारी. समोरचा रस्ता कायम पेंगुळलेला. खोलीत शिरले आणि ठरवून टाकलं, रेकॉर्डिंग इथेच. खाली घरमालकीण काकू राहतात. त्यांनी चहा पाजला आणि माझी सगळी कुंडली काढून घेतली. मीही सांगितली, मला बोलायला काय लागतं!

आमचा बोलक्या पुस्तकांचा स्टुडिओ बंद पडला तेव्हा वाटलं होतं, संपलं सगळं. पण तिथले संपादकसाहेब म्हणाले, पुस्तकं घरूनही वाचता येतील, फक्त आवाज स्वच्छ हवा. नमुना पसंत पडला की पुस्तकांची अख्खी मालिका माझी. मग माझ्या लेकीला, भिंगरीला, इथे आणायचं, शाळेत घालायचं. तोवर ती ताईकडे. तिचे बाबा ती रांगत असतानाच गेले, त्यामुळे पोरीसाठी घर म्हणजे माझा आवाज. रोज संध्याकाळी एक गोष्ट रेकॉर्ड करून पाठवते, ती ऐकल्याशिवाय बाईसाहेब डोळा मिटत नाहीत. ताई म्हणते, लाडावून ठेवलं आहेस. ठेवलंय, जा!

५ फेब्रुवारी, मंगळवार

माइक बघायला गेले. दुकानात शिरताच सांगून टाकलं, महागातला दाखवूच नका, मला नाही म्हणताना लाज वाटते. माइकवाला हसला. जाडा, आनंदी प्राणी आहे, हेडफोन गळ्यात हारासारखा घालून बसतो.

त्याने दोन स्वस्तातले काढले. एक कंडेन्सर. म्हणाला, हा फार चौकस, खोलीतलं सगळं ऐकतो, शेजाऱ्याच्या पोटात गुडगुडलं तरी सांगेल. दुसरा डायनॅमिक. तो आपमतलबी. तोंडाला लावाल तरच ऐकणार, तेही समोरून. बाकी दुनियेशी त्याला देणंघेणं नाही. म्हणाला, खोली घुमत असेल तर हाच घ्या. मी कंडेन्सरवर बोलून बघितलं आणि पाघळलेच. माझा आवाज इतका रेशमी कधी ऐकला नव्हता. शेवटी म्हणाला, दोन्ही घरी न्या, नको तो परत आणा, फक्त माइकवर थुंकी उडवू नका.

७ फेब्रुवारी, गुरुवार

खोली घुमते. भिंतीला गादी उभी केली, दोरीवर रजया टांगल्या, कपाटातले कपडे काढून दाराला लटकवले. टाळी वाजवून पाहिली, ठप्प! नुसत्या कानाला काही म्हणजे काही नाही. पण हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकलं की माझ्या प्रत्येक वाक्याच्या मागून त्याच वाक्याचं शेपूट पुन्हा येतं. बारीक. जरा उशिरानेच.

दुपारभर कपडे इकडचे तिकडे केले. शेवटी वैतागून खोलीलाच झापलं की बये, एक तर तू बोल नाहीतर मला बोलू दे. हेडफोनमध्ये तेही पुन्हा ऐकू आलं. भिंगरीची गोष्ट तशीच पाठवली. तिला काय कळतंय! आता आपमतलबी लावून बघते.

९ फेब्रुवारी, शनिवार

काहीतरी चुकतंय माझं.

डायनॅमिक अगदी ओठांशी धरून वाचलं. हिशेबाने घुमणं गायब व्हायला हवं होतं. गेलं नाही. उलट वाढलं. कंडेन्सरमध्ये कुठूनतरी लांबून येत होतं, ते यात स्वच्छ, माझ्याच आवाजाएवढं.

तडक दुकानात गेले. माइकवाल्याने ऐकलं, हेडफोन काढला आणि म्हणाला, बाई, छान गंमत केलीत, स्वतःचाच आवाज दोनदा टाकून एकावर एक चढवलात. मी म्हटलं, नाही हो. तो म्हणाला, मग तुमच्या शेजारी कोणीतरी उभं आहे, कारण या माइकला भिंतीवरून आलेलं ऐकूच येत नाही, याला फक्त जवळचं ऐकू येतं. आणि पोट धरून हसला. मीही हसले.

घरी येऊन एक प्रयोग केला. माइकचं तोंड माझ्याकडून फिरवून पलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे केलं आणि वाचलं. माझा आवाज पातळ यायला हवा होता. भरदार आला. वाक्य सुरू होण्याआधी ओठ उघडल्याचा बारीकसा आवाजही आला. मी माइकच्या पाठीमागे होते. खुर्चीत कोणीही नव्हतं.

खुर्ची स्वयंपाकघरात नेऊन ठेवली आहे. हसू नये कोणी.

११ फेब्रुवारी, सोमवार

घसा बसलाय. डॉक्टर म्हणाले, घसा आरशासारखा आहे, काही झालेलं नाही, जरा कमी बोला. वा! ज्यावर पोट आहे तेच कमी करा म्हणे.

काकूंकडे गरम पाणी प्यायला बसले. त्यांना सहज विचारलं, आधी वर कोण होतं. म्हणाल्या, गाणं शिकवणारी एक बाई. आली तेव्हा काय तोंड होतं, सगळा जिना गाजवायची. पुढे मात्र अगदी गप्प झाली. शब्द काढायची नाही, खुणा करायची. सोडून जाताना भाड्याचंही पाटीवर लिहून विचारलं. आणि गंमत म्हणजे, काकू म्हणाल्या, ती गेल्यावरही वरून गाणं ऐकू यायचं, चांगले आठ-पंधरा दिवस. हळूहळू विरून गेलं. मग घर किती दिवस रिकामं पडलं. तुझी वटवट सुरू झाली तेव्हा बरं वाटलं बाई.

 पाणी तसंच टाकून वर आले.

१३ फेब्रुवारी, बुधवार

कॉलरला लावायचा माइक आणला. सगळ्यात स्वस्त, चिमटीएवढा. माइकवाला म्हणाला, छातीवर लागला की मधे कोण येणार?

बसल्या आवाजातच वाचलं. ऐकलं. आवाज बसलेला नव्हता. खणखणीत होता, स्टुडिओत असायचा तसा. माझी खरखर कुठेच नाही. पदर माइकला घासला होता, तेही नाही. आणि पानाच्या शेवटी मी थांबले तिथे तो थांबला नाही. पान उलटण्याआधी पुढची ओळ त्याने वाचली.

नमुना पाठवणारच नव्हते, पण भिंगरीची शाळा डोळ्यांपुढे आली. पाठवला. संपादकसाहेबांचा लगेच फोन. खूश! म्हणाले, काम तुमचं. इतकं स्वच्छ वाचन ऐकलं नव्हतं, कुठे श्वाससुद्धा ऐकू येत नाही, कसं जमवलंत? माझ्या तोंडून नीट शब्द फुटेना. त्यांना वाटलं आनंदाने.

खरंच श्वास नाही. सगळं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. एकदाही नाही.

मग ताईचा निरोप आला. भिंगरीला गोष्टीपेक्षा गोष्टीनंतरचं तुझं बोलणं जास्त आवडतं, म्हणे. गोष्टीनंतर मी काहीच बोलत नाही. पाठवलेल्या सगळ्या गोष्टी उघडून शेवट ऐकले. प्रत्येकीत थोडी शांतता, आणि मग मी. लाडीगोडीने. भिंगरे, माझी छकुली, ये ना गं. लहान खोलीत ये. इथे आपण दोघीच. मावशीला सांग, आईने बोलावलंय.

मी हे म्हटलेलं नाही. देवाशप्पथ नाही.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी उठले तर आवाजच नाही. कुजबुजसुद्धा नाही. तोंड उघडते, नुसती हवा.

ताईला लिहून कळवावं म्हणून फोन घ्यायला लहान खोलीत गेले. मी दारात, आणि आत मी वाचत होते. हेडफोन नाही, माइकची वायर काढलेली. खोलीच्या मधोमध, उघड्या हवेत, माझा आवाज. मला पाहून थांबला — पाहून म्हणजे — थांबला एवढं खरं.

बाहेर पडले, कडी घातली. फोन आतच राहिला.

दुपारी तो वाजला. वाजायचा थांबला. मग मी आतून म्हणाले, बोल ताई.

दाराला कान लावून सगळं ऐकलं. घसा बरा आहे, काम मिळालं, आता कशाला थांबायचं, रविवारी घेऊनच ये तिला. माझ्यासारखंच हसले. मी दारावर मुठी आपटल्या. ताईने विचारलं असावं, कारण आतून मी म्हणाले, काही नाही गं, शेजारी काम चाललंय.

१६ फेब्रुवारी, शनिवार

ताईचा नंबर पाठ नाही. कोणाला असतो?

काकूंना चिठ्ठी दाखवली — वर मी नाही, फोन आणून द्या. त्या चिडल्या. म्हणाल्या, आत्ता तर वर गाणं म्हणत होतीस, माझी थट्टा करतेस का? तेवढ्यात वरून आलंच. भिंगरीचं गाणं. काकू माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग दार लावून घेतलं त्यांनी.

ताईकडे जावं तर पूर्ण रात्रीचा प्रवास. वाटेत चुकामूक झाली तर दोघी सरळ इथेच —

कडी काढली. फोन समोर टेबलावर होता. एक पाऊल टाकलं. कानाशी, अगदी कानाशी, माझ्याच आवाजात — तू आता कशाला येतेस? तिला मी ओळखीची आहे.

पळाले. आई आहे मी, आणि पळाले. फोन तिथेच. किती भित्री आहे मी.

१७ फेब्रुवारी, रविवार

फाटकाच्या पायरीवर बसले आहे, उजाडल्यापासून. इथून हलणार नाही. ओरडता येणार नाही म्हणून लिहून ठेवते. ताई, गाडीतून उतरलीस की आधी हे वाच.

माझा आवाज गेला आहे. मी वेडी नाही. भिंगरीला उतरू देऊ नकोस. गाडी तशीच परत फिरव, मी मागे बसते. सामान राहू दे. घर राहू दे. ती विचारेल आई बोलत का नाही, तर तिला सांग —

काय सांगशील? तिने मला डोळे मिटूनच ओळखलंय नेहमी.

वर लहान खोलीची खिडकी उघडली. दाराला बाहेरून पुन्हा कडी मीच घातली होती —

गाडी वळली. दिसली. भिंगरीने गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढलाय. हलवते आहे. मी उभी राहिले, दोन्ही हात वर केले — ती माझ्याकडे बघतच नाही. वर बघते आहे. हसते आहे. वरून हाक आली, भिंगरे, आलीस का गं, धावत ये, जिना चढून सरळ —

गाडी थांबायच्या आधीच दार उघडतेय ती

ताई धर तिला ती हाक मी मार