मधल्या नाण्याची किंमत

४ मार्च, मंगळवार

नाही म्हणजे नाही! माळ विकणार नाही!

दादा-वहिनी आले होते. आईला जाऊन तीन महिने झाले, आता "मोकळेपणाने बोलायला हरकत नाही" — हे वहिनींचं. दादा खुर्चीच्या कडेवर टेकला होता, उठायला कधी मिळतंय याची वाट बघत. आईच्या सोन्याच्या नाण्यांच्या माळेत त्यांना निम्मा वाटा हवाय. रीतसर किंमत काढायची. मग एक तर निम्मे पैसे मी त्यांना द्यायचे आणि माळ ठेवायची, नाही तर विकून दोघांनी वाटून घ्यायचे. वहिनींना हमरस्त्यावर दुकान घ्यायचंय. गल्लीतल्या दुकानात झेरॉक्स काढायला कुत्रं फिरकत नाही म्हणे.

म्हटलं, आईने ती मला दिलीय. "लिहून ठेवलंय का कुठे?" — वहिनी, लगेच!

लिहून! मी नवऱ्याचं घर सोडून दोन पिशव्या घेऊन या दारात उभी राहिले, तेव्हा का आलीस म्हणून आईने विचारलं नाही. स्वतःच्या गळ्यातली माळ काढली आणि माझ्या गळ्यात घातली. "मान खाली घालायची नाही. माझ्यामागे ही तुझी." मी ती परत तिच्या गळ्यात घातली, कारण ती सात नाणी तिच्या गळ्याशिवाय मला कुठे बघवेनात. आणि दादा तिथेच होता! पिशव्या त्यानेच आत आणल्या. आज मी त्याच्याकडे बघितलं, तर हा टेबलावरच्या कापडाची फुलं मोजतोय. असला भाऊ असण्यापेक्षा नसलेला बरा.

६ मार्च, गुरुवार

सकाळी दाताच्या डॉक्टरीणबाईंना गाडी शिकवली. बाई लोकांचे दात उपटतात, पण गिअर बदलायला सांगितलं की डोळे मिटतात. मी ओरडले. नेहमीपेक्षा जास्तच ओरडले. माळेचा राग त्यांच्यावर निघाला, दुसरं काय.

दुपारी सोनाराकडे. म्हातारा भला आहे. माळ तोलली, नाण्याभोवतीच्या एका कड्याची कड कसोटीच्या दगडावर घासली, नाणी उलटीपालटी केली. म्हणाला, सोनं चोख. नाणी डाग देऊन जोडलेली नाहीत, प्रत्येक नाणं बारीक कड्यात बसवून सोन्याच्या नखांनी धरलंय, असं काम आता कोणी करत नाही. पण किंमत वजनाचीच. कड्यांची थोडी घट धरावी लागेल.

आकडा ऐकला आणि मी टाळी वाजवली! निम्मे म्हणजे माझ्या गाडीसाठी साठवलेत जवळपास तेवढेच. वीस वर्षं दुसऱ्याच्या शाळेत लोकांना गाडी शिकवतेय, स्वतःची शाळा काढायची होती. जाऊ दे खड्ड्यात. गाडी पुन्हा घेता येईल.

सोनार बघतच राहिला. "बाई, आजवर कमी आकडा ऐकून खूश झालेलं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही."

म्हटलं, "अजून कमी होतंय का बघा ना!"

७ मार्च, शुक्रवार

वहिनींचा फोन. सोनाराचा आकडा मान्य नाही. "जुन्या नाण्यांची किंमत वेगळी असते, मी वाचलंय." वाचा! आणखी वाचा!

११ मार्च, मंगळवार

वाटोळं झालं.

वहिनींनी एक नाणीवाला शोधून काढला. जुनी नाणी घेणारा-विकणारा माणूस, दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत बसतो. भिंतभर खणच खण, एकच खिडकी, टेबलावर दिवा. आम्ही तिघं गेलो. त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि एकेक नाणं बघत "साधं... साधं... हेही साधं" करत चालला. माझा जीव भांड्यात पडत होता. मग मधलं नाणं आलं आणि हा थांबला. उठला, खिडकीशी गेला, परत आला. भिंग काढून पुसलं, पुन्हा लावलं. मी मनात म्हटलं, साधं म्हण रे बाबा, साधं म्हण!

म्हणाला, "हे माझ्या हयातीत मी दुसऱ्यांदा पाहतोय." त्या साच्यातली नाणी फार थोडी पडली आणि त्यातलीही बहुतेक वितळवली गेली. हे एकटं नाणं बाकीच्या सगळ्या माळेच्या कितीतरी पट. शुक्रवारी आणखी एक जाणकार बोलावतो, मग पक्का आकडा लिहून देतो, म्हणाला.

वहिनींचा चेहरा असा फुलला! तिथेच दुकानाच्या पाटीचा रंग ठरवायला लागल्या. आणि दादा? दादा त्या नाणीवाल्याला विचारतो, "म्हणजे विकावंच लागणार?" अरे बैला! तुमच्याच घरातून तर निघालंय हे सगळं!

निम्मे पैसे माझ्याच्याने सात जन्मांत उभे राहायचे नाहीत. मी हिशोबसुद्धा केला नाही.

१२ मार्च, बुधवार

शाळेच्या मालकांकडे उचल मागितली. हसले. नुसते हसले! उद्यापासून यांच्या गाडीचा क्लच जळाला तरी मी सांगणार नाही.

विकणार नाही. कोर्टात खेचा. घरी येऊन गळ्यातून ओढून घ्या, हिंमत असेल तर! आता लिहिताना गळ्यातच आहे. मधलं नाणं हाताला लागतं आणि पहिल्यांदाच त्याचा राग येतो. साधं असतंस तर काय बिघडलं असतं तुझं?

१३ मार्च, गुरुवार

आज हद्दच झाली!

संध्याकाळी दादा आला. एकटाच. पिशवीत पितळेची भांडी घासायची पेस्ट, ब्रश आणि तारेची घासणी. "माळ दे. मळलीय. उद्या दोन-दोन माणसं बघणार, जरा साफ करू."

मी म्हटलं, या घरातून माळ बाहेर जाणार नाही. तर म्हणाला, इथेच करतो. आणि बसला की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, बाह्या वर करून! मी द्यायला नको होती. पण डोकं इतकं तापलं होतं — त्याच्यापुढे आपटलीच मी ती. घे! घास! चकचकीत कर, दोन पैसे जास्त येतील!

तासभर घासत होता. नाण्याच्या खाचाखोचांत आईच्या अंगाचं जे काही उरलं होतं ते सगळं त्या काळ्या फेसातून निघालं आणि मोरीत गेलं. मधल्याला तर तारेच्या घासणीने असं रगडलं, जळकं पातेलं रगडावं तसं. मी तोंडाला येईल ते बोलले. लोभी म्हटलं. बायकोचा गडी म्हटलं. म्हटलं, आई असती तर तुला दारात उभं केलं नसतं. "आईच्या गळ्यातली आहे ही, आठवतंय तरी का?"

"आठवतंय," म्हणाला. मान वर न करता. आणि आणखी एक फडकं मागितलं.

मी फडकं फेकून मारलं.

जाताना माळ टेबलावर ठेवली. इतकी झगमगीत की आईची वाटेचना. चहासुद्धा विचारला नाही मी त्याला. नाहीच विचारणार. आज माझा भाऊ मेला.

१४ मार्च, शुक्रवार

देव आहे! आहे, आहे, आहे!

नाणीवाल्याने माळ हातात घेतली आणि किंचाळलाच. "हे कुणी केलं?" दुसरा जाणकार तर नाणं टेबलावर ठेवून सरळ टोपी घालायला लागला. जुन्या नाण्यावर वर्षानुवर्षं जो थर चढतो, तीच त्याची शोभा असते म्हणे. तो गेला. वर तारेचे ओरखडे. नाव-आकृती पार झिजलेली. आता कुठलाही शौकीन हात लावणार नाही. राहिलं ते सोनं. वजनाचा भाव!

वहिनी दादाकडे वळल्या. "अक्कल कुठे गहाण ठेवली होती?" दादा म्हणाला, "चमकलं तर बरं दिसेल, असं वाटलं." बस, एवढंच. जिन्यावरून खाली येईपर्यंत त्या बोलत होत्या आणि हा बुटांकडे बघत उतरत होता.

मी रस्त्यावर येऊन हसले. मोठ्याने! लोक बघायला लागले. बघा! हावरटपणा केला आणि स्वतःच्याच हाताने स्वतःच्या वाट्यावर घासणी फिरवली. असा गाढव लाखात एक!

१७ मार्च, सोमवार

निम्मे पैसे दिले. वहिनींनी दोनदा मोजले. दादाने बघितलंही नाही, सही केली आणि गेला. खातं रिकामं, गाडी गेली. पण माळ माझी! कुणाच्या बापाची हिंमत नाही आता!

१९ मार्च, बुधवार

माळ घालून कामावर गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नवीन केली का? म्हटलं, नाही, घासून घेतलीय. मालकांच्या नाकावर टिच्चून दिवसभर मिरवली. डॉक्टरीणबाईंनी आज डोळे उघडे ठेवून तिसरा गिअर टाकला. सगळंच झकास चाललंय.

२२ मार्च, शनिवार

नाणीवाल्याचा फोन. वजनाचा कागद न्यायचा राहिलाय. मग हळहळत बसला. "मला अजून झोप लागत नाही, बाई. तुमचे भाऊ त्या शुक्रवारच्या दोन दिवस आधी, बुधवारी, एकटेच आले होते हो माझ्याकडे. विचारत होते, अशा नाण्याची किंमत कशाकशाने जाते? मला वाटलं, जपायचं म्हणून विचारतायत. मी सगळं समजावलं. पेस्ट नको, ब्रश नको, तारेची घासणी तर चुकूनही नको. 'तारेच्या घासणीने नक्की जाते ना?' असं दोनदा विचारलं त्यांनी. मग असं कसं झालं?"

फोन ठेवला. मग रडले. मग दादाला फोन लावला.

वहिनींनी उचलला. "काय गं? त्याच्याशी बोलायचंय? दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतेय मी, असला मूर्ख माणूस जगात दुसरा नसेल. हा बघ, बसलाय इथेच. तूच सांग, आहे की नाही?"

काय सांगणार होते मी? खरं सांगितलं तर त्याचा संसार कोण सावरणार?

"हो वहिनी," म्हटलं. "मूर्खच आहे."