मॉनिटर खाली न उतरवता अर्जदारास वर बसू देणेबाबत

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
सह्यसागर सहकारी पशुविमा महासंघ मर्यादित,
मुख्य कार्यालय, मुंबई.

अर्जदार : संदेश भिकाजी पांचाळ, दावा तपासनीस (गुरे विभाग),
मु. सुतारवाडी, पो. पाली, ता. जि. रत्नागिरी.

विषय : घरून कामासाठी बसवलेल्या मॉनिटरच्या उंचीवरील हरकत मागे घेऊन मुंबईस हजर होण्याचा आदेश रद्द करणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र जा. क्र. प्रशा/गृहकाम/१८, दि. २ एप्रिल २०२५.

महोदय,

१. उपरोक्त पत्रान्वये अर्जदारास कळविण्यात आले आहे की, त्याने पाठवलेल्या छायाचित्रात मॉनिटर भिंतीवरील दिनदर्शिकेच्याही वर दिसत असून, ‘पडद्याची वरची कड बसलेल्या कर्मचाऱ्याच्या डोळ्यांच्या रेषेत असावी’ ही अट पाळली गेलेली नाही. सबब त्याची घरून काम करण्याची परवानगी काढून घेण्यात येत असून त्याने सोमवार, दि. २१ एप्रिल रोजी मुंबईस कायमचे रुजू व्हावे. आरोप खरा आहे, हे अर्जदार सुरुवातीलाच मान्य करतो. मॉनिटर आजोबांच्या तसबिरीला खेटून आहे. घरी कोणी पाहुणे आले की चुकून त्यालाही हात जोडतात. तथापि तो तिथे कसा पोचला याची हकिगत ऐकून घेतल्याशिवाय आपण निर्णय करू नये, एवढेच अर्जदाराचे मागणे आहे.

२. अर्जदाराचे काम आपणास ठाऊक आहेच. कुठे कोणाची म्हैस दगावली की एका बाजूस पंचनामा व दुसऱ्या बाजूस म्हशीचा फोटो ठेवून कानातल्या बिल्ल्याचा नंबर जुळवायचा. लॅपटॉपच्या पडद्यावर पंचनामा उघडला की म्हैस जाते आणि म्हैस आणली की पंचनामा जातो. मधल्या वेळात नंबर विसरू नये म्हणून अर्जदार तो मोठ्याने घोकत असे. परिणामी त्याची मुलगी आरोही हिला सतराचा पाढा येत नाही, पण गुहागर तालुक्यातल्या बऱ्याच मयत गुरांचे नंबर तोंडपाठ आहेत. तेव्हा मोठा मॉनिटर घ्यावा, ही आपली अट योग्यच होती. दिवाळीनंतर परिपत्रक निघाले, मार्चअखेरची मुदत मिळाली. शहाण्या माणसाने दुसऱ्याच दिवशी रत्नागिरीला जाऊन एक मॉनिटर उचलून आणला असता.

३. अर्जदार तसा शहाणा नाही. तो बांगडे घ्यायला जातो तेव्हा अख्खा बाजार दोनदा फिरून, पहिल्या कोळणीकडे परत येतो आणि तोवर तिची पाटी रिकामी झालेली असते. लग्नाच्या वेळी मुलगी पाहून आल्यावर त्याने विचाराला आठवडा मागितला होता, सौ. नम्रता यांनी मात्र चहाचा कप खाली ठेवायच्या आत होकार कळवला होता. अशा माणसाच्या हाती मॉनिटरची निवड आली. मग काय विचारता! पडदा चकचकीत असावा की खरखरीत, सपाट की गोलाईचा, रंग किती, कोन किती, पाय हलणारा की स्थिर, असे करता करता अर्जदार चित्रफिती बघून बघून पार खुळा झाला. एक मॉनिटर तर सेकंदाला एकशे चव्वेचाळीस वेळा चित्र ताजे करतो म्हणून अर्जदाराच्या मनात भरला. त्यावर सौ. नम्रता यांनी, “मेलेल्या म्हशीचा फोटो किती वेळा ताजा केलात म्हणजे ती उठून बसेल?” असा प्रश्न केला.

४. एवढे करून अर्जदाराने एक चोवीस इंची मॉनिटर मागवला. तो घरी आला तेव्हा अर्जदार आपल्याच कार्यालयाच्या बैठकीत फोनवर होता. सामान उघडून घेण्याचे काम वडिलांकडे गेले. अर्जदाराचे वडील श्री. भिकाजी पांचाळ हे जन्मभर सुतारकाम केलेले गृहस्थ आहेत. पंचक्रोशीत त्यांच्या हातचे दरवाजे आहेत आणि त्यातला एकही पावसात आवळत नाही. त्यांनी टेप काढून मॉनिटरची रुंदी मोजली. ती चोवीस भरेना. मॉनिटर आडवा नव्हे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात, हे त्यांना कोणी सांगावे? “चोविसाचा सांगितलान आणि हाय किती बघ! लाकडाच्या वखारीत असला धंदा केलान असता तर चामडी लोळवली असती,” असे म्हणून त्यांनी माल आल्या पावली परत धाडला. अर्जदार बैठक संपवून बाहेर येतो तो अंगणात फक्त टेम्पोची धूळ!

५. अर्जदाराने वडिलांना तिरक्या मापाचे शास्त्र समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले व “असेल बाबा,” म्हणाले. नंतर फेब्रुवारीत गोलाईचा मॉनिटर आला. यात डोळ्यांना आराम मिळतो असे अर्जदाराने वाचले होते. भिकाजींनी तो दोन्ही हातांत उचलून, फळी बघावी तसा, एक डोळा मिटून कडेने पाहिला आणि आणणाऱ्या माणसाला म्हणाले, “वाकलाय ह्यो. ओला असताना रचलाव काय रे? न्हे परत.” तो बिचारा स्वतःही गोंधळला व घेऊन गेला. या खेपेस मात्र अर्जदाराचे डोके फिरले. बापाच्या वयाचा मान ठेवून जे बोलता येते ते सर्व तो बोलला आणि जे येत नाही त्यातलेही थोडे बोलला. अर्जदार म्हणाला, “बाबा, मुद्दाम करताय का तुम्ही?” त्यावर ते उठून मागीलदारी लाकडे फोडायला गेले. घरात फोडलेली लाकडे भरपूर होती, हे तेव्हा अर्जदाराच्या ध्यानात आले नाही.

६. यानंतर शिमगा आला. आपण मुंबईचे, म्हणून खुलासा करतो. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते. घरातल्या चांगल्या जागी ती बसवतात, ओटी भरतात आणि मग गावचा मानकरी त्या घराच्या वतीने देवीपुढे गाऱ्हाणे घालतो. गाऱ्हाणे म्हणजेही अर्जच, साहेब. फरक एवढाच की तो तोंडी असतो, त्याला जावक क्रमांक नसतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून जागच्या जागी मंजुरी देतात. आमच्या घरी पालखी बसली. मानकरी हरिश्चंद्र यांनी भिकाजींच्या तोंडाकडे कान नेला, काय सांगायचे ते ऐकून घेतले आणि नेहमीच्या ठसक्यात सुरुवात केली. घरादाराचे सुख मागून झाले, आरोहीची परीक्षा झाली, आणि मग पुढचे वाक्य आले : “आई, ह्या भिकाजीचा पोरगा कसला तो मशीन घेतोय, त्या मशीनात दरखेपी काय ना काय खोट निघू दे, आनि तो मशीन त्याच्या हातास येव नको!”

“व्हय म्हाराजा!” सगळी वाडी ओरडली. सवयीने ओरडली, पण ओरडली. खोटे का बोलू, सवयीने अर्जदारही ओरडला.

७. मग सगळ्यांच्या लक्षात आले. अर्जदाराने वडिलांकडे पाहिले. भिकाजी पालखीकडे बघत राहिले व पुटपुटले, “सामान जमला की मानूस जातो. मी काय आज बघतोय?” आमच्या वाडीत याला पुरावा लागत नाही. पुरुषाच्या नावाने घरात नवीन खोके आले की आठवड्यात तो पुरुष मुंबईच्या गाडीत बसतो. नवी बॅग आली, गेला. नवा बिछाना आला, गेला. अर्जदार पहिल्यांदा नोकरीला निघाला तेव्हा त्याची पेटी भिकाजींनी स्वतः, चांगला साग निवडून, बनवून दिली होती. मशीनची वाट बघतोय म्हणजे पोरगा जायच्या तयारीत आहे, मशीन लांबले तेवढाच तो घरी राहील, असा त्यांचा सरळ हिशेब. आणि अर्जदार पाच महिने त्यांच्यासमोर पडद्याच्या रंगांवर भाषणे देत होता! मशीन कशासाठी हवे आहे, हे एक वाक्य त्याने एकदाही बापाला सांगितले नव्हते. इतका अभ्यासू गाढव महासंघाच्या सेवेत दुसरा नसावा.

८. अर्जदाराने तिथेच, पालखीसमोर सांगितले, “बाबा, मशीन आला तरच मी राहणार आहे. नाही आला तर साहेब मुंबईला बोलवतील.” भिकाजींच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी हरिश्चंद्रांना गाऱ्हाणे मागे घ्यायला सांगितले. पण तोवर भोयांनी पालखी खांद्यावर घेतली होती, आणि उठलेली पालखी पुन्हा त्याच घरात बसत नाही. तेव्हा भिकाजी अनवाणी पुढच्या घरी धावले. तिथे जनी काकींच्या ओटीवर, त्यांचे गाऱ्हाणे थांबवून, आमच्या गाऱ्हाण्याची दुरुस्ती घालण्यात आली. जनी काकींनी आपला रोष अद्याप राखून ठेवला आहे.

९. दुसऱ्या दिवशी भिकाजी पहिल्या एस.टी.ने एकटेच रत्नागिरीस गेले. दुकानात त्यांनी एकच प्रश्न विचारला, “भिंतीस बसतो काय?” बसतो म्हटल्यावर ज्यावर बोट होते तोच घेतला व मांडीवर धरून घरी आणला. अर्जदाराने पाच महिन्यांत जे केले नाही ते बापाने चहा पिण्याइतक्या वेळात केले, आणि चीड आणणारी गोष्ट अशी की मॉनिटर उत्तम आहे. पंचनामा आणि म्हैस शेजारी शेजारी सुखाने नांदतात. अर्जदार कामात असताना भिकाजींनी स्वतः लोखंडी पट्टी घडवून आणली, जांभ्याच्या भिंतीत आरपार बोल्ट घातले, पलीकडून लोखंडी चकत्या ठोकल्या आणि भोके सिमेंटने भरून घेतली. आपल्या परिपत्रकातला ‘कायम जागी’ हा शब्द तेवढा त्यांनी वाचून घेतला होता. उंची त्यांनी घेतली ती स्वतःच्या, म्हणजे उभ्या सुताराच्या, डोळ्याची. बसून काम करणे हे त्यांच्या लेखी काम नव्हे.

१०. मुदतीत फोटो पाठवला आणि त्यावर आपले पत्र आले. अर्जदाराने ते वडिलांना वाचून दाखवले आणि मॉनिटर हातभर खाली घेऊ या, असे सुचवले. भिकाजी म्हणाले, “तो खाली येनार नाय. तुला वर घेतो.” गेल्या गणपतीनंतर अर्जदाराची आई वारली, तेव्हापासून त्यांनी रंध्याला हात लावला नव्हता. ती हत्यारे माळ्यावरून खाली आली. फणसाच्या लाकडाची एक उंच खुर्ची तयार झाली. तिला पाठ आहे, हात आहेत, चढायला पायरी आहे. तिच्यावर बसले असता अर्जदाराचे डोळे पडद्याच्या वरच्या कडेच्या अगदी रेषेत येतात. पाय जमिनीस टेकत नाहीत, परंतु पायांविषयी परिपत्रकात काही म्हटलेले नाही. पडदा डोळ्यापर्यंत आणावा की डोळा पडद्यापर्यंत न्यावा, याबाबतही परिपत्रक मौन बाळगून आहे. आरोहीच्या मैत्रिणी हल्ली शाळा सुटली की अर्जदारास बघायला येतात. तो त्यांना राजासारखा दिसतो की झाडावर अडकलेल्या माणसासारखा, हे विचारायचे धाडस त्याने केलेले नाही.

११. आता शेवटचे, आणि हे सांगताना अर्जदारास लाज वाटत नाही. मॉनिटर निघतच नाही, असे लिहून तो मोकळा झाला असता, पण ते खोटे ठरेल. सिमेंट भिंतीच्या भोकांत आहे. पुढचे नट पान्याने निघतात. आपले पत्र आले त्या आठवड्यात अर्जदाराने एकदा पाना हातात घेतलाही होता. भिकाजी बागेत गेले होते. एक नट ढिला करायचा, खाली दुसरी भोके पाडायची, संपले. घरून कामाची परवानगी वाचली असती आणि असला अर्ज लिहायची वेळ आली नसती.

पण भिकाजी रोज जेवायला बसण्याआधी त्या भिंतीशी जातात. पडद्यामागे हात घालून एकेक नट बोटांनी फिरवून पाहतात, घट्ट आहे ना. सगळे घट्ट आहेत अशी खात्री झाली की मग हात धुऊन पाटावर बसतात, आणि पूर्वी अर्धी भाकरी टाकून उठणारा हा माणूस आता पोटभर जेवतो. त्यांच्या बोटांना एखादा नट सैल लागावा, हे अर्जदाराच्या हातून होणार नाही. मुंबईचा आदेश आपण रद्द करावा, साहेब. आपण हवे तर येऊन स्वतः उंची मोजावी. टेप घरात आहे.

पायरीवरून उतरून, जमिनीवर उभा राहून विनंती करणारा,
आपला कर्मचारी,
संदेश भिकाजी पांचाळ

सुतारवाडी, पाली
दि. ९ एप्रिल २०२५

सोबत :
१) अर्जदार खुर्चीत बसला असतानाचे समोरून काढलेले छायाचित्र.
२) तेच, बाजूने. (यात पाय दिसतात. कृपया दुर्लक्ष व्हावे.)