भुऱ्याची शिकवणी

अंबरनाथ,
२२ एप्रिल १९५४

चि. श्रीपाद यास ताईचे पुष्कळ आशीर्वाद, आणि त्यातच थोडं रागावणंही आहे असं धरून चाल.

इकडे सगळं ठीक. यांची कारखान्यात सकाळची पाळी चालू आहे, त्यामुळे भोंग्याच्या आधी डबा तयार लागतो. ऊन मी म्हणतंय. कैरीचं लोणचं घातलं, तुझी बरणी वेगळी काढून ठेवली आहे. तुझी मीनल बरी आहे. अंगाने जरा भरली, पुढचा एक दात पडला. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर झाला. त्याचं कारण कुत्रा. हसू नकोस, सांगते.

दिवाळीत तू गेलास, त्यानंतर उल्हासनगरच्या कॅम्पातली पापडवाली मोतीबाई आली. सिंधी आहे, दर महिन्याला येते. पापडाच्या टोपलीत एक तांबूस पिल्लू घालून आणलं आणि "बच्ची अकेली है, रख लो," म्हणत सरळ मीनलच्या मांडीवर ठेवलं. मी नको म्हणणार होते. पण कुंदा गेल्यापासून पहिल्यांदा ती आईवेगळी पोर खळखळून हसली, मग माझी काय बिशाद! भुऱ्या नाव ठेवलं. पुढे तो वाढला आणि माझ्या डोक्याला ताप झाला.

माझं सोवळं तुला ठाऊकच आहे. मी चुलीपाशी बसले की हा दारात येऊन भुंकायला लागायचा. शिवला तर पुन्हा आंघोळ, म्हणून मी आतूनच भाकरीचा तुकडा लांब अंगणात भिरकावायची, "जा मेल्या तिकडे" म्हणत. तो जायचा, खायचा, आणि परत येऊन दुप्पट भुंकायचा. हे म्हणाले, तू त्याला भुंकण्याचा पगार देते आहेस. मला असा राग आला! पण मग एकादशी आली. घरात भाकरी नाही, फेकणार काय? हाकलायला उठावं तर शिवेल. शेवटी त्याच्याकडे पाठ करून गप्प बसून राहिले. भुंकून भुंकून दमला, थांबला, आणि चक्क खाली बसला. मलाच नवल वाटलं. मी रताळ्याची एक फोड त्याच्यापुढे टाकली.

तेव्हापासून तोच नेम. भुंकला की पाठ, गप्प बसला की घास. आता स्वयंपाक होईस्तोवर दारात शहाण्यासारखा बसून असतो.

दुसरी खोड म्हणजे हाक मारली की पळायचा. खाटेखाली जाऊन बसे आणि ओढायला गेलं की गुरगुरे. हाही दोष माझाच निघाला. मी त्याला हाक मारायची ती आंघोळ घालायला, नाहीतर बांधून ठेवायला. आपलं नाव ऐकलं की पुढे काय वाढून ठेवलंय ते त्याला बरोबर कळायचं. मग मी उगीचच हाका मारायला लागले. आला की खोबऱ्याचा तुकडा द्यायचा, पाठीवर हात फिरवायचा आणि सोडून द्यायचं. खाटेखाली असला तर हात घालायचा नाही. शेजारी तांदूळ निवडत बसायचं, तुकडा जमिनीवर ठेवायचा आणि त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. येतो आपला आपण. वेळ लागतो, पण येतो.

तू म्हणशील, ताईला काय उद्योग नाही, भुसावळला कुत्र्याची पुराणं धाडते. थांब जरा.

दिवाळीत तू दारातूनच "मीनल, इकडे ये" म्हणालास. ती खाटेखाली गेली. तू हात धरून ओढलंस, ती चावली, तू तिच्या थोबाडीत दिलीस आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेलास. मी तुला बोल लावत नाही रे. तुझंही माणूस गेलं होतं. पण आठवून बघ, त्याआधी तू तिला तशी हाक कधी मारली होतीस? कुंदाला उचलायच्या आधी, शेवटचं बघायला. पोर धावत आली होती तुझ्याकडे.

आणि आता तू लिहितोस की क्वार्टर मिळालं, वेणूमावशी सोबतीला येऊन राहणार, अक्षय्य तृतीयेला मीनलला न्यायला येतो. शिवाय, "या खेपेलाही ती माझ्याजवळ आली नाही, तर कायमची तुझ्याकडेच राहू दे, मी पुन्हा विचारणार नाही," असंही लिहितोस.

खरं सांगू? ते वाचून मला आनंद झाला. मला काही करायचंच नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. तू दारातून हाक मारणार, ती खाटेखाली जाणार, तू मान खाली घालून परत जाणार. या घरात पाळणा हलला नाही हे तुला माहीत आहे. मला ती हवी आहे, श्रीपाद. रात्री झोपेत माझा पदर मुठीत धरते, तो सोडवून घ्यायचं माझ्या जिवावर येतं. म्हणून उत्तर लिहीत नव्हते. कुत्र्याचं आपलं निमित्त.

पण गेल्या आठवड्यात मी तांदूळ निवडत होते आणि मीनल खाटेखाली भुऱ्याशी बोलत होती. मी ऐकते आहे हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणाली, "बाबा आले तर चावू नकोस हं. मला मारलं ना, तेव्हा ते रडत होते."

मला तर हे दिसलंच नव्हतं. तिने बघितलं, आणि एवढे महिने मनात ठेवलं. मग कसली मी गप्प बसते!

तेव्हा आता नीट ऐक. दारातून हाक मारू नकोस. ओट्यावर बस, यांच्याशी गप्पा मार, चहा घे. खिशात गूळ-खोबरं असू दे. तिच्याकडे टक लावून बघू नकोस. आधी भुऱ्या येईल, त्याला दे. मग ती येईल. आली की लगेच कवटाळू नकोस, तुझा जीव कितीही तुटला तरी. खोबरं दे आणि जाऊ दे. ती पुन्हा येईल. त्या दिवशी नाही आली तर मुक्काम कर. पण परत जायचं नाव काढू नकोस.

तिने मला विचारलं, बाबा भुऱ्यालाही नेतील का? मी तुझ्या वतीने हो म्हणून बसले आहे. साखळी आणू नकोस, मऊ दोरी आण.

एक शिकवणी अजून चालू आहे. मी दृष्टीआड झाले की दोघं रडायची. म्हणून रोज दुपारी दोघांना खाऊ देते, दार ओढून घेते आणि जरा वेळ पलीकडे उभी राहते. रडं थांबलं की आत जाते, जवळ घेते. आधी नुसती दोन श्वास उभी राहायची, आता नळावर जाऊन पाणी भरून येते. भुऱ्या रडत नाही. मीनलही रडत नाही, त्याला गोष्ट सांगत बसते.

दोघं चांगली तयार झाली आहेत. दाराआड उभी असते तिला मात्र अजून जमत नाही. तू येईपर्यंत जमेल असं धरून चालते.

लवकर ये.

मीनलची आत्या,
आणि आधीपासूनची तुझी,
ताई