मोडेमच्या जागी सुपारी

जठारपेठ, अकोला
दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी

श्री. अद्वैतराव जावईबापू यांस सासरे उद्धव यांचा नमस्कार आणि आशीर्वाद, दोन्ही. (जावयाला नेमकं काय द्यावं, हे तीस वर्षं वकिली करूनही मला कळलेलं नाही.) अमरावतीत सर्व खुशाल असाल. आपलं पित्त कसं आहे? आमची थोरली तिखट जास्तच टाकते, सांभाळून राहावं. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण फोन ती मधेच ओढून घेते आणि माझी बाजू अर्धवट राहते.

आपण धाडलेला मोडेम मी जिवापाड जपला, हे आधी नमूद करतो. घरात मोबाइलला रेंज नाही आणि धाकट्या चारुताची नोकरीची मुलाखत नवमीलाच, दुपारी चारला व्हिडिओवर (हैदराबादच्या त्या कंपनीला नवमीचं काय!), म्हणून तो आपण मुद्दाम पाठवलात. खंडेनवमीला सकाळी स्कूटर आणि कायद्याची पुस्तकं यांच्यासोबत मी त्यालाही पूजेत मांडलं. ओल्या फडक्याने पुसलं, गंध लावलं, हळदकुंकू वाहिलं. त्याच्या अंगाला बारीक भोकं आहेत, त्यांत अक्षता फार सुरेख बसल्या.

दुपारी चारुता म्हणाली, बाबा, मोडेम द्या. मी सांगितलं, पूजेतली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवायची नाही. पोरीचे डोळे भरून आले. पण नियम तो नियम. तेव्हा आपल्या सासूबाई पुढे झाल्या. बायको हजर नसली तर सुपारी ठेवून पूजा चालते, मग मोडेमचं काय एवढं, असं म्हणत त्यांनी त्याच्या जागी सुपारी मांडली आणि मोडेम माझ्या हातात दिला. (इतका बिनतोड युक्तिवाद माझ्याविरुद्ध कोर्टातही कोणी केला नव्हता.) ओल्या हाताने प्लग लावू नये, हे मला ठाऊक आहे. म्हणून मोडेमवरचं गंध पुन्हा ओल्या फडक्याने पुसून हात नीट कोरडे केले आणि ओला मोडेम लावला. चर्र आवाज झाला, जळका वास सुटला. चार वाजायला दहा मिनिटं होती.

आमचा आरडाओरडा ऐकून समोरचे गुरांच्या ढेपेचे दुकानदार जानराव दारात आले. "वकीलसाहेब, पोरीले रडवता काहून? माह्या दुकानात नेट चालून राहिलं, धाडा तिले!" सरकीच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवून मुलाखत झाली. मधेच एका गिऱ्हाइकाने ढेपेचा भाव विचारला. तो सांगून तिने आपलं उत्तर होतं तिथून पुढे चालू केलं.

सारांश, निगा राखण्यात माझ्याकडून कसूर नाही. यंत्रच नाजूक निघालं.

आपला,
उद्धव

ता. क. : माहितीपुस्तिका काल दसरा आटोपल्यावर उघडली. (तीही पुस्तकांबरोबर सरस्वतीपुढे होती, त्याआधी वाचणार कशी?) ओलं फडकं लावू नये, भोकं बुजवू नयेत, असं पहिल्याच पानावर ठळक छापलंय. थोरलीला कळू देऊ नये.

ता. क. २ : चारुताची निवड झाल्याचं आजच कळलं. पुढच्या महिन्यात ती हैदराबादला चालली. मी गल्लीभर पेढे वाटतो आहे आणि आपल्या सासूबाई तिच्या कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालताहेत. तेवढा नवा मोडेम पाठवावा. चारुताला आता त्याची गरज नाही. आम्हालाच रोज तिचं तोंड पाहायचं आहे.