चपला कुणी लपवल्या नाहीत

आई, तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि माझा राग अजून गेलेला नाही. माणूस गेलं की राग सोडून द्यावा म्हणतात. मी करून पाहिलं, नाही जमलं. परवा थोरली ताई सहज बोलून गेली, "मावशीकडं जायला तूच तर तयार झाल्तीस," आणि मी जेवता जेवता ताटावरून उठले. अगदी तुझंच वाक्य, तुझ्याच सुरात. जन्मभर तू चारचौघांत तेच सांगत राहिलीस, "म्या कुठं पाठवलं? तीच म्हन्ली, येते म्हणून." मी तेव्हा सहा वर्षांची होते गं.

राजुरातलं आपलं घर गणपतीच्या वाटेवर. दर चतुर्थीला कुणी ना कुणी पाहुणा दर्शन करून आपल्याकडं टेकायचाच. चुलीशी तू, उंबऱ्यात मी, सगळं टक लावून बघत. पाहुणा म्हणायचा, "निघतो आता." तू म्हणायचीस, "असं कसं? येवढी जल्दी काय हे? दोन घास खाऊन जा." तो म्हणायचा, "भूक न्हाई, बिलकुल न्हाई," आणि मग बसून तीन भाकरी खायचा. तेवढ्यात तू मला डोळ्यानं खुणवायचीस. मी गुपचूप जाऊन त्याच्या चपला कणगीमागं लपवायचे, म्हणजे तो आणखी घटकाभर अडकेल. हे बघून बघून मी माझ्यापुरता एक कायदा पक्का केला होता. मोठी माणसं मनात असतं त्याच्या उलट बोलतात, आणि ज्याच्यावर जीव असतो त्याला जाऊ देत नाहीत. दर चतुर्थीला तो कायदा खरा ठरत होता, मग मी त्यावर विश्वास का ठेवू नये?

मग ते दुष्काळाचं साल आलं. वडील आणि तू खडी फोडायला जात होतात, विहिरीच्या तळाशी नुसता गाळ होता. जालन्याहून, मस्तगडातून मावशी आली. तिला मूलबाळ नव्हतं. ती सकाळ मला अजून दिसते. मावशी भिंतीला टेकून बसली आहे, तू भाकरी थापते आहेस. "येतीस का गं माह्यासंगं?" मावशी विचारते. मी तुझ्याकडं बघते आणि म्हणते, "येते." मला कुठं जायचं होतं? मला तुझ्या तोंडून "असं कसं" ऐकायचं होतं. तू तव्यावरची भाकरी उलटलीस, वर न बघता म्हणालीस, "येती म्हन्ती तर घेऊन जा." मी मुद्दाम हळूहळू फ्रॉक बदलला. चपला घालायला गेले तेव्हा मनात खात्री होती की त्या सापडणार नाहीत. त्या दारातच होत्या, पुसून, जोडीनं ठेवलेल्या. एसटी सुटेपर्यंत मी वाट बघत होते की कुणीतरी धावत येईल.

पुढं मी बालवाडीत शिकवलं. एक मुलगी घर लांब असल्यामुळं रोज उशिरा यायची आणि उरलेली फुटकी पाटी तिच्या वाट्याला यायची. बाकीची पोरं मला समजावून सांगायची, "तिला फुटकीच आवडती, बाई." मी हसायचे, मग हसू विरून जायचं. पोरांना एवढंच दिसतं, हातात काय आहे ते. त्याच्या आधी काय झालं ते त्यांना दिसत नाही. पण तू तर चांगली तीस वर्षांची होतीस. तुला माझ्या "येते"मागचं काहीच कसं दिसलं नाही? की दिसलं, आणि एक तोंड कमी होतंय म्हणून तू गप्प बसलीस? हा संशय मला आजही जाळतो.

हा कागद ताईला दाखवायचा म्हणून लिहायला घेतला होता. एकदाचं तिलाही कळू दे, म्हटलं. आता नाही दाखवणार. कारण त्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी पाऊस झाला, आणि दिवाळीनंतर तू मस्तगडला आलीस. मावशी नळावर गेली होती. तू माझी वेणी घालत होतीस. "घरी येतीस का?" तू विचारलंस. मी म्हणाले, "न्हाई येत." आणि श्वास धरून थांबले, कारण पाहुण्याला तू तीन तीनदा विचारायचीस. पाहुण्याला आग्रह करतात, घरच्या माणसाला एकदाच विचारतात, हे मला तेव्हा कुठं ठाऊक! तुझे हात केसांत थोडा वेळ तसेच राहिले. मग तू रिबीन बांधलीस आणि म्हणालीस, "बरं." तू ते कधी कुणाला सांगितलं नाहीस. आणि मी आजवर सगळ्यांना सांगत आले की आई मला न्यायला कधी आलीच नाही.