गिधाडवाल्याची दुसरी बाजू

प्रिय दातवाले,

हे नाव वाचून हसू आलं तर पुढे वाच, आणि कपाळाला आठ्या पडल्या तर घडी घालून ठेवून दे, मी काही म्हणणार नाही. जावईबापू लिहायला गेलो तर हात अडला. माजी जावई लिहावं, तर निवडणुकीत पडलेल्या पुढाऱ्याला लिहितोय असं वाटायला लागलं. साडू आहे, व्याही आहे, मेहुणा आहे, चुलतसासरा आहे, आपल्याकडे नात्यांना शब्दांची काय कमी! पण कोर्टाच्या कागदावर सह्या झाल्यानंतर सासऱ्याने जावयाला काय म्हणायचं, त्याला मेला एक शब्द नाही. मग लॅबमध्ये बसून लोकांचे दात घडवणाऱ्या माणसाला मी पहिल्यापासून ज्या नावाने हाक मारली, तेच लिहिलं. दोन वर्षांत मी तुझी चौकशी केली नाही आणि आता एकदम पत्र. तुझ्या मनात माझ्यासाठी काही जागा उरली आहे का, एवढं मला जाणून घ्यायचंय. बाकी सगळी बडबड आहे, आणि ती तुला सवयीची आहे.

तर बातमी अशी की परवाच्या रविवारी मी गिधाडवाल्याची दुसरी बाजू ऐकली. हो, तुझ्याशिवाय. तुझा प्लेअर आणि तुझ्या सगळ्या रेकॉर्डी अजून आमच्या पुढच्या खोलीतच आहेत. तुझ्या काकूने प्लेअरवर चादर टाकून वर फुलदाणी ठेवली आहे, आल्यागेल्याला टेबल वाटावं म्हणून. ती फुलदाणी उतरवताना मला आपल्याच घरात चोरी करतोय असं वाटलं. धूळ पुसली, सुई पुसली, आणि रेकॉर्ड कव्हरातून काढताना सवयीने कडेला धरली, तू शिकवलंस तशी. त्या बँडांची इंग्रजी नावं माझ्या जिभेवर कधी बसली नाहीत, म्हणून कव्हरवरच्या चित्रावरून आपण त्यांची नावं पाडली होती. जहाजवाला, भट्टीवाला, तीन कवट्या, आणि शेवटचा हा गिधाडवाला. जुन्या जमान्यातलं अस्सल हेवी मेटल, तू कॉलेजात असताना चपला झिजवून एकेक जमवलेलं.

सुरुवात आठवते का तुला? आमच्या लेकीची रविवारी हॉस्पिटलात ड्युटी असायची, आणि जाता जाता ती तुला आमच्याकडे सोडून जायची, पाळणाघरात पोर सोडावं तसं. मी नुकताच रिटायर झालेला. सासरा इकडे, जावई तिकडे, मध्ये चहा, आणि बोलायला विषय काय, तर उकाडा. उकाडा संपला की रस्त्यावरची गर्दी. तेही संपलं तेव्हा एका रविवारी तू काखोटीला प्लेअर मारूनच आलास आणि विचारलंस की काका, जरा मोठ्याने लावलं तर चालेल का. मी म्हटलं, अहो, जन्म फाउंड्रीत गेला माझा, मला कसली भीती घालता! पहिल्याच गाण्यात तो गायक असा किंचाळला की काकू धावत बाहेर आली, कुणाचं बोट दारात चेंगरलं म्हणून. मला मात्र बरं वाटलं रे. रिटायर झाल्यापासून ते शांत घर मला खायला उठायचं. त्या दणदणाटात बसल्यावर पहिल्यांदा वाटलं, आपण कामावर आहोत.

फाउंड्रीत मी तपासनीस होतो, तुला ठाऊकच आहे. ओतून आलेला भाग साखळीला टांगायचा, त्यावर हातोडी हलकीच मारायची आणि कान द्यायचा. चांगला असला तर घणघणतो, आत तडा असला तर बद्द वाजतो. पास नाहीतर फेल. गाण्यांनाही मी पहिल्याच दिवशी पास-फेल करत सुटलो, तेव्हा तू हात जोडलेस की असं करू नका, दहापैकी मार्क द्या. मग आपले नियम ठरले. गाणं संपून सुई पुढच्या गाण्यावर जायच्या आत चिठ्ठीवर आकडा लिहायचा, दोघांनी एकदम उलटायचा आणि मग भांडायचं. एका अल्बममधल्या दोन गाण्यांना सारखा नंबर द्यायचा नाही, पहिलं ते शेवटचं क्रमाने लागलंच पाहिजे, कुणाला कितीही वाईट वाटो. आणि सातला बंदी. ती बंदी तुझी. तुझं म्हणणं, सात हा न ऐकणाऱ्या माणसाचा आकडा आहे. ज्याला भांडायचं नसतं, लक्ष भलतीकडे असतं, तो सात देऊन मोकळा होतो. सात लिहील त्याने उठून सगळ्यांसाठी चहा करायचा. काकू म्हणायची, परीक्षक मंडळाला जरा जास्त सात पडोत, म्हणजे मला आयता चहा मिळेल.

पहिली दोन वर्षं मी तुला अहो-जाहो करत होतो. जहाजवाल्यातल्या तिसऱ्या गाण्याला मी नऊ दिले आणि तू चार. त्या गाण्यात मध्येच ड्रमवाला एक ठोका गाळतो आणि सगळा बँड श्वास रोखून त्याची वाट बघतो, ते तुला ऐकूच आलं नव्हतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, अरे गाढवा! काकूच्या हातची बशी हिंदकळली. प्रत्यक्ष जावयाला गाढव! तू मात्र पोट धरून हसलास, आणि त्या दिवसापासून मी तुला अरे-तुरे करायला लागलो. आणि माझी ती शोभा विसरू नकोस, भट्टीवाल्याची. त्यातल्या झांजेला तडा आहे असं मी छातीठोक सांगितलं, प्रत्येक गाण्याचे दोन-दोन मार्क कापले. तूही बिचारा माझ्या कानांवर विश्वास ठेवून मान डोलावत होतास. पुढे तीन कवट्यांमधली झांजही फुटकी निघाली, त्यानंतर आणखी एका अल्बमची, तेव्हा कुठे तू स्पीकर उघडलास. आतला कागद फाटला होता. म्हणजे इतके महिने आपण आपल्याच फाटक्या स्पीकरसाठी जगभरच्या बँडांना नापास करत होतो! नवा कागद बसवून सगळे अल्बम पुन्हा पहिल्यापासून तपासले. मला वाटतं, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मजेचा हिवाळा होता.

आता जे लिहायचं ते लिहितो. शेवटच्या काही महिन्यांत तुझ्या चिठ्ठीवर सात यायला लागले. आधी एखादा, मग दर रविवारी दोन-तीन. गिधाडवाल्याची पहिली बाजू तर तू, सारखा नंबर नाही हा नियमही विसरून, जवळजवळ सगळी सातावर काढलीस. आणि मी काय केलं? टाळ्या पिटल्या. म्हटलं, चला दातवाले, गॅस पेटवा. तू हसून उठायचास, चहा ठेवायचास, कप आणून द्यायचास, आणि पुढच्या गाण्याला पुन्हा सात. लोखंडातली केसाएवढी चीर ऐकणारा माणूस मी, आणि समोर बसलेल्या पोराचं काही बिनसलंय हे मला कळू नये? खरं सांगू, कळलं होतं. पण विचारलं तर काय ऐकावं लागेल याची भीती वाटली. सुई उचलून बाजूला ठेवायची आणि विचारायचं, काय झालं रे बाबा, एवढंच तर होतं. तेवढं झालं नाही माझ्याने. नंतर लेकीने सांगितलं की त्या महिन्यांत तुमचं वेगळं व्हायचं ठरलं होतं, काकूच्या गुडघ्याचं ऑपरेशन उरकेपर्यंत आम्हाला सांगायचं नव्हतं. तिची ड्युटीही तेव्हा बदलली होती, म्हणजे तुला आमच्याकडे यायचं काही कारणच नव्हतं. तरी तू येत राहिलास. ते ऐकून मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसलो.

तुमच्यात कुणाची चूक होती हे मी तिला विचारलं नाही, तुलाही विचारत नाही. जमलं नाही, एवढं ती म्हणाली. मी मात्र माझ्यापुरतं ठरवून टाकलं की बापाने लेकीच्या बाजूला उभं राहायचं, आणि तिच्या बाजूला उभं राहायचं म्हणजे तुझ्याकडे पाठ करायची. तुझा फोन आला तेव्हा मी बरं चाललंय म्हणालो आणि ठेवून दिला. तूही समजूतदार, पुन्हा केला नाहीस. तेव्हा मला वाटलं, झालं ते बरं झालं. पण गंमत बघ, तुझ्याकडे पाठ केली तरी तूच घडवून दिलेली कवळी तोंडात होतीच. सकाळ-संध्याकाळ धुतो, रोज घास तुझ्याच दातांनी चावतो. आता ती डावीकडे सैल झाली आहे, बोलताना टकटक वाजते. काकू म्हणते, दुसऱ्याकडे जाऊन घट्ट करून घ्या. मी म्हणतो, वाजू दे.

काकूचा गुडघा आता छान आहे, जिने चढते आणि मलाच दम लागला म्हणून टोमणे मारते. लेकीला बढती मिळाली, वॉर्डाची मुख्य झाली आहे. ती आमच्याजवळच राहते, आधी अबोल झाली होती, हल्ली पुन्हा भांडायला लागली आहे, म्हणजे तब्येत चांगली समजायची.

दुसऱ्या बाजूचे मार्क सांगायचे राहिले. पहिल्या गाण्याला सहा. नुसता आव, गिटारवाला पळतोय कशासाठी ते त्यालाच माहीत नाही. दुसऱ्याला साडेआठ, आणि तू भांडशील, कारण ते संथ आहे आणि संथ गाण्याला मी फसतो असं तुझं म्हणणं. बरं, फसलो. तिसऱ्याला तीन. चौथं मात्र वेगळं. त्यात तो गायक एकदाही ओरडत नाही, शेवटी फक्त ढोल उरतो आणि तोही लांब जातो. नऊ दिले. पाचव्याला चार, उगाच लांबवलंय. क्रम लागला, सगळं नियमाप्रमाणे झालं, आणि भांडायला समोर कुणी नव्हतं. मी आपला एकटाच भिंतीला सांगत होतो की चौथं गाणं पहिलं का.

एवढ्यात लेक आत आली. मी घाईने आवाज बंद करायला गेलो, तर तीच खाली बसली, रेकॉर्डचं कव्हर हातात घेतलं आणि सहज विचारलं की बाबा, याला त्याने किती दिले? मी म्हटलं, मला काय माहीत, त्याची माझी गाठ कुठे पडते! ती म्हणाली, मग दर रविवारी जाता कुठे? अरे, ही दोन वर्षं दर रविवारी सकाळी मला त्या खोलीत बसवत नाही म्हणून मी बाहेर पडतो, बस डेपोपर्यंत चालत जातो, तिथल्या बाकावर बसतो, गाड्या लागताना बघतो आणि जेवायला परत येतो. आणि ती समजत होती की मी तुझ्याकडे लॅबमध्ये जातो. मी अवघडू नये म्हणून तिने कधी विचारलं नाही, उलट काकूला सांगायची, बाबांना घाई करू नकोस, येतील सावकाश. या सगळ्या मोडतोडीत निदान आपल्या दोघांचं तेवढं टिकलं, याच एका गोष्टीचं तिला बरं वाटत होतं म्हणे. मग रडली पोरगी, रागावली आणि म्हणाली, बाबा, नवरा मी सोडला, तुम्हाला तुमचा मित्र सोडायला कुणी सांगितलं होतं? कुणीच सांगितलं नव्हतं रे. म्हणून हे पत्र. तुझा फोन आता लागत नाही, लॅबचा हा पत्ता तरी बरोबर आहे की नाही देव जाणे. येत्या रविवारी सकाळी मी डेपोपाशी थांबणार नाही, तिथून बस पकडून तुझ्या लॅबच्या दारात येणार आहे. भेटायचं नसलं तर दार उघडू नकोस, मी वाईट वाटून घेणार नाही, त्याच्या पुढच्या रविवारी परत येईन.

तुझाच,
काका