पिवळ्या लाळेऱ्याचा जिझो

१२ एप्रिल, शनिवार

पेपरबरोबर नगरपालिकेचं पॅम्फ्लेट आलं. 'सायकलीसाठी शांत रस्ते'. चहा पिता पिता सहज उघडलं. तिसऱ्या पानावर नकाशा, आणि वर ठळक अक्षरांत: मिझोबाता रूट.

मिझोबाता. माझ्या रस्त्याला.

बिवा तळ्यापासून निघायचं, कालव्याच्या कडेने भातखाचरांतून जायचं, मग नदीचा बांध, मग बांबूचं बन, थेट वरच्या बंधाऱ्यापर्यंत. एक ट्रक नाही की एक सिग्नल नाही. हा रस्ता मी शोधला. रिटायर झाल्यापासून दर रविवारी इथेच सायकल मारतोय (पाऊस, ऊन, गुडघा आणि बेसबॉलची मॅच वगळता). आणि नाव कोणाचं? तर मिझोबाता मास्तरचं. आयुष्यभर भूगोल शिकवला, पण चढ आला की सायकल हातात धरून चालतो.

चिझुएला दाखवलं. माझी बायको असून म्हणते, अहो, तुम्ही कुठला शोधलात? मी त्याच रस्त्याने शाळेत जायचे. लग्नानंतर मीच तर नेलं होतं तुम्हाला.

शाळेत जाणं वेगळं, शोधणं वेगळं. तिला हा फरक कळायचा नाही.

ठरलं. सूड घ्यायचा. थंड डोक्याने, पद्धतशीर.

१३ एप्रिल

सकाळीच मास्तर दारात. स्वतःच्या बनातले बांबूचे कोवळे कोंब घेऊन. पॅम्फ्लेटबद्दल अवाक्षर नाही. वाकून नमस्कार केला. मीही वाकलो, पण नेहमीपेक्षा कमी. त्याला ते लागलं असणार.

म्हणाला, हे घ्या. मी म्हणालो, नको. म्हणाला, घ्या हो इसोगाई-सान, आत्ताच खणलेत. मी म्हणालो, कशाला उगीच त्रास. तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा घेतले. रीत म्हणजे रीत. पहिल्या फटक्यात हात पुढे करायला आपण काय अधाशी आहोत?

चिझुएने कोंब घालून भात केला. दोन वाट्या खाल्ल्या. राग तसूभरही कमी झाला नाही. खात्री करून घ्यायला तिसरी घेतली.

२० एप्रिल

पॅम्फ्लेट भिंगाखाली धरून वाचलं. सापडलं.

पाट्या लावणं नगरपालिकेच्या जिवावर आलंय, म्हणून मास्तरने नुसत्या खुणा दिल्यात. 'बांधावरून सरळ या. पिवळं लाळेरं घातलेल्या जिझोपाशी डावीकडे वळा.'

आमच्याकडे वळणावळणाला जिझो. गुडघ्याएवढे दगडाचे देव, पोराबाळांना आणि वाटसरूंना सांभाळणारे. सगळ्यांच्या गळ्यात लाल लाळेरं. त्या एकट्यालाच पिवळं, कारण वरच्या वाडीतल्या फुसानो आजीकडचं लाल कापड संपलं होतं.

म्हणजे लाळेरं हललं की रस्ता हलला.

पुढच्या जिझोपाशी डावीकडे वळलं, तर लाकूडतोड्यांचा जुना रस्ता लागतो. देवदाराच्या रानात चढत जातो आणि कुठेही पोचत नाही. खडी, शेवाळ, जळवा. अठरा मेला रूटचं उद्घाटन आहे. बाहेरगावचे सायकलवाले येणार. मास्तर म्हणे सगळ्यांच्या मागे राहणार. पॅम्फ्लेट इतकं सोपं आहे की पुढे वाट दाखवायला कोणी लागतच नाही.

राहा बाबा, मागेच राहा.

२७ एप्रिल

एक अडचण. पिवळं काढलं तर तो जिझो उघडा पडणार. ते बरं नाही. माझं वैर मास्तरशी आहे.

चिझुएला म्हटलं, एक लाल लाळेरं शिवून दे. कशाला, म्हणाली. म्हटलं, गुडघ्यासाठी नवस बोललोय जिझोला. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग ट्रंकेतून ठेवणीतलं कापड काढलं, शिवलं, वर लेस लावली. म्हणाली, इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा तुमच्या तोंडून देवाचं नाव ऐकलं. डोळे पुसले की काय तेही कळलं नाही.

जरा वाईट वाटलं. पण सूड म्हटला की थोडं सोसावं लागतं.

३ मे

आज रंगीत तालीम. पहाटेच गेलो. पिवळ्याची गाठ सोडतोय तोच मागे फुसानो आजी, पाठीवर टोपली. म्हणाली, काय रे, धुवायला नेतोस का? हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? आजी म्हणाली, देव तुझं भलं करो, माझ्याच्याने आता वाकवत नाही. आणि वाडीतल्या सगळ्या जिझोंची लाळेरी मला काढायला लावून माझ्या हँडलला अडकवली.

दिवसभर लाळेरी धुतली. इस्त्री केली. चिझुए म्हणाली, स्वतःचे मोजे धुतलेत का कधी?

सायकलचा सराव राहिला. उद्यापासून नक्की.

१७ मे, पहाटे

झालं काम. पिवळं पुढच्याला घातलं, लेसवालं लाल फाट्यावरच्याला. दोघांची माफी मागितली. म्हटलं, हे तुमच्या-माझ्यातलं नाही, तुम्ही मध्ये पडू नका. एकेक गोड बन ठेवला.

उद्या मास्तरची जिरणार. रात्री झोप येईल असं वाटत नाही.

१८ मे, संध्याकाळ

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

रानात वर जाऊन देवदाराच्या आड दबा धरून बसलो. बऱ्याच वेळाने आले, धापा टाकत, सायकली ढकलत. मी कान टवकारले. आता शिव्या ऐकायच्या.

कोणी बोलेचना. खाली ओढा, वरून लोंबणारे जांभळ्या फुलांचे घोस, लांब कुठेतरी एक पक्षी. ओसाकाहून आलेली एक मुलगी हळूच म्हणाली, इथे माझा श्वास मलाच ऐकू येतोय. मग सगळ्यांनी आपापले श्वास ऐकले. शेवटी मास्तर आला, लालबुंद. त्याने आजूबाजूला बघितलं, पॅम्फ्लेटकडे बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाला, हे मुद्दामच छापलं नव्हतं. खास तुमच्यासाठी राखून ठेवलं होतं.

लबाड. माझा चुकीचा रस्तासुद्धा ढापला.

तेवढ्यात माझ्या पोटरीला जळू. ओरडलो. सगळे वळले. मास्तरने खिशातून मिठाची पुडी काढली, माझ्यापुढे गुडघे टेकून बसला आणि एकेक जळू सोडवली. म्हणाला, इसोगाई-सान, आमच्या आधी येऊन रस्ता बघून ठेवलात होय? त्यावर सगळे माझ्यापुढे वाकले. मीही वाकलो. मानेवर आणखी एक होती, ते तेव्हा कळलं.

१९ मे

चिझुएजवळ मन मोकळं केलं (लाळेऱ्याचं सोडून). ती म्हणाली, पण मास्तरांवर राग कसला? नाव तुमचंच घालणार होते ते. हिवाळ्यात विचारायला आले नव्हते का? तुम्हीच म्हणालात, छे छे, माझं कशाला, तुमचंच घाला.

म्हणालो होतो. दोनदा म्हणालो होतो. तसं म्हणायचंच असतं. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर हो म्हणणार होतो, अगदी ओठांवर आलं होतं. हा गृहस्थ दोनदा विचारून, चहा संपवून, चालता झाला. बांबूच्या कोंबांसाठी तीनदा आग्रह आणि माणसाच्या नावासाठी दोनदा?

चिझुए म्हणाली, मग दुसऱ्यांदाच हो म्हणून टाकायचं.

हिला आईबापांनी काय शिकवलं कोण जाणे.

२३ ऑगस्ट, जिझोचा सण

पिवळं मूळ जागी न्यायचे सगळे प्रयत्न फसले. दर वेळी आजी हजर. कोणाचं कुठलं, ते नीट बघून घेते. म्हणते, ज्याच्या अंगावर आहे त्याच्याच अंगावर राहू दे, देवाच्या कपड्यांची अदलाबदल करत नाहीत. लाळेरी आता कायमची माझ्या गळ्यात. शनिवारी धुवायची, रविवारी बांधायची. सायकल तेवढ्यापुरतीच बाहेर निघते.

आज सणाची नवी लाळेरी बांधत होतो. पिवळ्याची गाठ मारताना मागून कोणीतरी फोटो काढला. कंबर धरून वळेपर्यंत सायकलवरून पसार.

रानातल्या रस्त्याला हल्ली रविवारी येणाऱ्यांची रीघ असते. सगळे मास्तरचं कौतुक करतात. सूड विसरलेलो नाही. फक्त उन्हं उतरू देत.

५ ऑक्टोबर

संधी स्वतःच्या पायांनी चालत आली. मास्तर, हातात रताळ्यांची पिशवी. पॅम्फ्लेटची नवी आवृत्ती निघतेय, रानातला रस्ता त्यात घालायचाय. म्हणाला, तो रस्ता कोणामुळे सापडला ते मला चांगलं ठाऊक आहे. लाळेरं काही आपोआप चालत जात नाही. 'इसोगाई रूट' घालतो, चालेल ना?

मनात उकळ्या फुटल्या. पण म्हटलं, थांब बेट्या. मागच्या वेळी दोनदाच विचारलंस, आता तीनदा नाक घासायला लावतो. आणि तिसऱ्यांदाही लगेच हो नाही. आधी थोडा वेळ खिडकीबाहेर बघणार.

म्हणालो, छे, माझं कशाला. तो म्हणाला, खरंच घालतो हो, मला फार बरं वाटेल. मी म्हणालो, नको नको, मला असल्या गोष्टींची हौस नाही. आणि खिडकीकडे तोंड केलं.

मास्तरने रताळ्यांची पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाला, चुकलंच माझं. मागेही तुम्ही नको म्हणाला होतात आणि मी पुन्हा तेच घेऊन आलो. नावाची हाव नसलेला असा माणूस मी बघितला नाही. कमरेपासून वाकला, चपला घातल्या, गेला.

मी खिडकीबाहेरच बघत होतो. फाटकापाशी तो वळून पुन्हा वाकला. मला वाटलं विचारतोय. नव्हता विचारत.

१५ नोव्हेंबर

नवं पॅम्फ्लेट आलं. पान चार. 'पिवळ्या लाळेऱ्याची वाट'. फोटोत जिझो, आणि त्याच्यापुढे एक पाठ. माझी. खाली लिहिलंय: जिझोची सेवा करणारे एक स्थानिक आजोबा.

चिझुएने कापून फ्रिजवर लावलं. म्हणाली, पाठ हुबेहूब आलीय हो.

फोटो कोणी काढला याचा छडा लावणार. मास्तरचा हिशोब वेगळा. आजीलाही सोडणार नाही. सगळ्याची नीट आखणी सोमवारपासून.

दुपारी चिझुएने मास्तरच्या पिशवीतलं शेवटचं रताळं भाजलं. सोलून, वाफाळतं, माझ्यापुढे धरलं. म्हणाली, घेताय?

मी म्हणालो, नको.

बरं, म्हणाली, आणि खाऊन टाकलं.